आराम पडला म्हणून

मनोहररावांचं तोंड आता पाऊण बोटच उघडत होतं. दिवाळीत दोन बोटं मावत, संक्रांतीला दीड. दर मंगळवारी नागपूरच्या महाल भागातल्या घरी येणारी कामिनी सिस्टर हातमोजा घालून माप घ्यायची. आज तिनं करंगळी लावून पाहिली, तर त्यांनी कण्हत मान वळवली.

कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं नोकरी, अन् तेवढीच वर्षं गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. जबड्याचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, केमो झाल्या आणि गाठ मानेत परत आली. नाकातल्या नळीतून दूध, वरणाचं पाणी. बोलणं संपलं होतं. जे सांगायचं ते वहीत लिहीत.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "केमो थांबवू. आता त्यांना आराम देऊ." त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, तिथंच हात जोडले. आराम पडणं म्हणजे बरं होणं. त्यांच्या बोलीत दुसरा अर्थच नव्हता. ऑटोत बसल्या बसल्या नणंदेला फोन गेला, "आराम पडते म्हणते डॉक्टरीण!"

वैभवी शेजारीच होती. शाळेत विज्ञान शिकवणारी त्यांची मुलगी. तिला खरं काय ते लख्ख कळलं होतं. घरी आल्यावर मनोहररावांनी वही तिच्यापुढं सरकवली. 'मले समजलं. आता कुठं नेऊ नका. आईले तू सांग. मी लिहिलं तर आई वही फाडून टाकन.'

"सांगते," ती म्हणाली होती. मग कोराडीला आपल्या घरी गेली, दर दोन दिवसांनी येत राहिली, आणि सांगितलं नाही.

मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, कुटून, पाण्यात कालवून, नळीतून द्यायची होती. आठवड्यात कण्हणं थांबलं. ते उशीला टेकून क्रिकेट पाहू लागले. पण आज त्यांच्या मुठीत चादर होती आणि कपाळावर घाम.

कामिनीनं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट पाहिलं. "काकू, शनिवारपासून दिल्याच नाही का?"

"आराम पडला ना त्याहिले. मग कायले द्यायची नशेची गोळी?"

"अन् हे कण्हून राहिले ते?"

"बिमारी बाहेर पडून राहिली ते. थोडा त्रास होतेच." त्यांनी कपाटातून पिशवी काढली. "येत्या सोमवारचा नव्या दवाखान्यात नंबर लावला मी. आता ताकद आली, तं केमो झेपन."

कामिनीनं गोळी कुटली, नळीतून सोडली आणि घड्याळ पाहिलं. गुण यायला अर्धा तास तरी जाणार होता. आज आलेली वैभवी बापाचा हात धरून बसली. रविवारी ती आली नव्हती, पेपर तपासायचे राहिले होते. फोनवर आई म्हणाली होती, "मस्त हायेत वं." तीन दिवस. दिवसाचे सहा, म्हणजे अठरा डोस. आईला दोष देण्याजोगं त्यात काही नव्हतं; तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

जाताना कामिनी जिन्यात थांबली. "ताई, मी सांगू का काकूंले?"

"नको. मलेच सांगू दे."

आत प्रयागबाई पिशवी भरत होत्या. "स्वेटर घेऊ का वं? दवाखान्यात एसी राहते."

"आई, डॉक्टरीण बरं करू म्हणाली नव्हती. दुखणं थांबवू म्हणाली होती. बिमारी जाणार नाही."

स्वेटरची एक बाही घडी होऊन तशीच राहिली.

"तुले तवाच समजलं होतं?"

"हो."

"अन् त्याहिले?"

"त्याहिलेही."

"म्हणजे मीच तेवढी येडी. गल्लीभर पेढे वाटले मी, वैभू." त्यांनी पलंगाकडं पाहिलं. मनोहररावांनी डोळे मिटले नाहीत. "वाटू दिले तुमी."

वैभवीनं माफी मागितली नाही. त्यानं आज कुणाचंच दुखणं थांबणार नव्हतं.

"सोमवारचा नंबर आपण काढून टाकू, आई. बाबानंच लिहून देल्लं मले, तीन हप्ते झाले. केमो नाही, दवाखाना नाही. शेवटपर्यंत इथंच ठेवू आपण त्याहिले, अन् गोळी दर चार तासांनी देऊ."