घरच्या माणसाची पाटी

चित्रपट सूडाचा होता. एक जिवलग दोस्त दुसऱ्याच्या पाठीत सुरा खुपसतो आणि तीन तासांनी तो व्याजासकट परत मिळवतो, एवढंच. दिग्दर्शक भावोजी, खलनायकही तेच. लिहिणारा त्यांचा मेव्हणा. अठरा महिने तो लिहीत होता, बहीण दोघांना जेवू घालत होती, आणि घरात शांतता होती.

मग श्रेयनामावलीच्या पाट्या रंगवणारा पेंटर मेव्हण्याला वाटेत भेटला.

"तुमची पाटी पुसायला लावली हो साहेबांनी. कथा-पटकथा-संवाद आता त्यांचंच."

मेव्हणा तडक बहिणीच्या घरी. भावोजी आरशासमोर दाढी करत होते.

"भावोजी, माझं नाव कुठे गेलं?"

"घरच्या माणसाचं कसलं नाव लावायचं?" भावोजी आरशालाच म्हणाले. "उद्या म्हणशील, पाणी दिलं त्याचीही पाटी लावा. आणि तुझं नाव वाचून तिकीट काढणार कोण? तुझी बहीण? ती फुकट बघते."

"अठरा महिने राबलो मी."

"उपकार केलेस? खाल्लंस ना इथेच?"

बहीण शेजारी इस्त्री करत होती. तिने सदरा उलटा केला आणि पुन्हा इस्त्री फिरवली, गरज नसताना.

"आणि हो मेव्हणेबुवा, शेवटचा प्रसंग राहिलाय," भावोजींनी गाल पुसला. "मरण्याआधी खलनायक मित्राला जे काही सुनावतो ना, ते जळजळीत पाहिजे. लोक मला मारायला पडद्यावर धावले पाहिजेत."

मेव्हण्याने दुसऱ्याच दिवशी कागद दिला. भावोजींनी वाचला, मान डोलावली.

"काय नीच माणूस आहे रे. असलं सुचतं कुठून तुला?"

"ऐकीव आहे."

चित्रीकरणाच्या दिवशी भावोजी आरशासमोर उभे राहिले आणि कडाडले, "घरच्या माणसाचं कसलं नाव लावायचं? उपकार केलेस? खाल्लंस ना इथेच?" दिवे सांभाळणाऱ्याने दबक्या आवाजात आईवरून शिवी हासडली. निर्मातीणबाई खुर्चीतून उठल्या.

"हे लिहिलं कोणी?"

"मीच," भावोजी म्हणाले. "शब्दन् शब्द माझा."

"खरं आहे," पुढच्या प्रसंगाचे कपडे हातावर घेऊन उभी असलेली बहीण म्हणाली. "बोलले तेव्हा मी तिथेच होते."

कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. भावोजींच्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढं पुरलं. त्यांनी मेव्हण्याला दंडाला धरून पडद्यामागे ओढलं.

"हलकटा, फाड ते. आत्ता दुसरं लिही. तुझी पाटी लावतो परत, माझ्याहून मोठ्या अक्षरांत."

मेव्हण्याला ती मोठी अक्षरं डोळ्यांसमोर दिसली; खोटं कशाला बोला. तोंडाला पाणीसुद्धा सुटलं. त्याने आवंढा गिळला.

"नको भावोजी. नाव तुमचंच राहू द्या. असलं काही मला सुचलं असं लोकांना वाटलं, तर आमच्या घराण्यात तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

दुसरा टेक झाला. निर्मातीणबाईंना तो पहिल्याहून आवडला. म्हणाल्या, आता कुठे डोळ्यांत खरा द्वेष उतरलाय.