ठीकचे दिवस

डॉक्टरीणबाईंच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नाही. पत्र चांगलं होतं. माझा कुत्रा, हवालदार, गेल्यानंतर आठवड्याभरात आलं. ‘इस्पितळातून असा निर्णय कळवणं तुम्हाला फार जड गेलं असेल,’ असं त्यांनी लिहिलं होतं. ‘शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी तो शांत होता. तुमची वही मी पाहिली. सांधेदुखीची म्हातारी कुत्री घेऊन लोक येतात, त्यांना दाखवायला ती मिळेल का?’

मी पत्र दोनदा वाचलं. मी कसलाच निर्णय कळवला नव्हता. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सहा दिवस पडून होतो, आणि घरी आल्यावर मुलीने सांगितलं होतं, “झोपेतच गेला, बाबा.”

हवालदार हे नाव त्याने गस्तीवरून कमावलेलं. दारापासून गॅलरीपर्यंत दिवसभर फेऱ्या. तेराव्या वर्षी मागचे सांधे धरले आणि गस्त थांबली. डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडावर धरून म्हणाल्या, हे बरं होणार नाही, सांभाळावं लागेल. वजन उतरवा. फरशीवर पाय घसरू देऊ नका. थोडंथोडं चालवा. गोळी मी देईन तीच, घरातली माणसांची चुकूनही नाही. आणि रोज लिहून ठेवा.

मी घरभर रबरी चटयांची वाट अंथरली, कोचाला लाकडी उतरण करून घेतली, सकाळी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्या खुब्यावर धरू लागलो. मुलगी हसायची. “आईची कंबर दुखायची तेव्हा पेपर वाचत बसायचात, बाबा.” खरं होतं. मी वही ओढून त्या दिवसाची नोंद करायचो.

तर ते पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी पुसत होती. तिने वाचलं, घडी घातली.

“बसा आधी. टाके ओढले जातील.”

“मी कधी कळवलं?”

“मीच सांगितलं. बाबांचीही हीच इच्छा आहे म्हणून.” मग ती भडाभडा बोलली. घरी आल्यावर मी अडखळून पडेन म्हणून तिने चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी तो घसरला, मागचे पाय फाकले, दोन दिवस उठला नाही.

“मला विचारायचंस. फोन होता उशाशी.”

“तुम्ही काय म्हणाला असतात? ‘बघू.’ जन्मभर ‘बघू’च म्हणत आलात. आणि मी मनाचं काही केलं नाही. तुमची वही वाचून दाखवली त्यांना. तुमच्याच अक्षरात आहे सगळं.”

मी वही उघडली. ‘उठताना विव्हळला. तीनदा प्रयत्न. डाव्या खुब्याला हात लावू देत नाही. भिंतीकडे तोंड करून बसला.’ अर्धं पान. दुसऱ्या दिवशी, ‘ठीक.’ मग ‘ठीक.’ असे नऊ दिवस, आणि पुन्हा अर्धं पान कळा. वाचून दाखवणाऱ्याने ‘ठीक’ कशाला वाचायचं?

चाळीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. चुकलेल्या शब्दाला खूण करायची, बरोबर असेल त्यावरून डोळा पुढे न्यायचा. त्याचे दिवसही मी तसेच तपासले होते.

म्हणून तिला काही बोलण्याचा मला हक्क आहे का, हे ठरेना. पण ‘झोपेतच गेला’ हे ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली होती, आणि वर चहा ठेवला होता. त्यानंतर एका घरात आम्ही मिठाचं आणि औषधांचं तेवढं बोलायचो. उत्तरात ‘मुलीने’ लिहिलं की मी कागद फाडायचो. ‘मुलीने’ गाळलं की पत्र खोटं व्हायचं.

गेल्या आठवड्यात माळ्यावर काही शोधताना त्या चटया हाती लागल्या. खाचांत अजून त्याचे पिवळट केस होते. मी वही घेतली आणि प्रत्येक ‘ठीक’पुढे आठवेल ते लिहायला बसलो. ‘ठीक: उतरणीवरून एकटा उतरला. ठीक: इस्त्रीवाल्यावर भुंकला. ठीक: माझी चप्पल पळवली, म्हणजे सावकाश चालत नेली. ठीक: गस्त, दोन फेऱ्या.’ वहीतल्या शेवटच्या एकसष्ट दिवसांत त्रेपन्न ठीक निघाले.

“काय लिहिताय?” मुलीने विचारलं.

“डॉक्टरीणबाईंना उत्तर.”

“माझं घालणार त्यात?”

“हो.”

ती समोर येऊन बसली. “मग हेही घाला. ते दोन दिवस त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी एकटी होते.”

मी तेही घातलं. पत्र चार ओळींचं झालं. ‘तो निर्णय माझा नव्हता, मुलीने घेतला, मला विचारलं नाही. वही मात्र माझीच. सोबत पाठवतो. ज्यांना दाखवाल त्यांना ठीकचे दिवसही वाचायला सांगा.’ आणि त्याखाली तिची दोन वाक्यं.

पाकीट बंद केलं तेव्हा ती कामावर निघाली होती. “द्या, जाताजाता टाकते.”

“नको,” मी म्हणालो. “मी स्वतः टाकतो.”

तिने मान खाली घालून चपला घातल्या.

वहीमुळे पाकीट टपालपेटीच्या फटीत जाईना. मी पोस्टातल्या रांगेत उभा राहिलो, खिडकीतून ते आत दिलं, आणि शिक्का बसेपर्यंत हललो नाही.