आत बसलेल्या माणसाच्या चपला

फरशीचे नऊ तुकडे, भिंतींचे चौदा, छपराचे अडतीस, सरकत्या दारांचे आठ, चूल-किटलीचे मिळून अकरा, बैठ्या मेजांचे सहा, कंदिलांचे चार. आणि पायरीवरच्या गवताच्या चपलांचे, एकाच जोडाचे, बेचाळीस.

"एकशे बत्तीस," ती म्हणाली. "आणि पंच्याण्णवमध्ये बसवायचंय."

नवरा सोफ्यावर आडवा होऊन तिच्या संगणकाच्या पडद्याकडे बघत होता. आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून रविवारी दुपारी तो कुठलंही बटण दाबत नसे.

"चपलांना बेचाळीस? सोन्याच्या आहेत का?"

"गवताच्याच. पण एकेक काडी वेगळी केलीय त्या होडीवाल्याने. बाकीचे एकाच तुकड्यावर गवताचं चित्र चिकटवतात आणि मोकळे होतात."

"मग त्याच काढ. नव्वद होतील. आणि मग खरा चहा टाक, तो खोटा पुरे झाला."

ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. प्लास्टरचा जबडा समोर ठेवून मेणात एकेक दात बसवायचा, हे तिचं वीस वर्षांचं काम. कवळी ज्याच्या तोंडात जाणार, तो माणूस मात्र तिला कधी दिसला नव्हता. जुन्या जपानात कवळ्या लाकडातून कोरत, असं तिने कुठेतरी वाचलं आणि त्या कशा दिसत हे शोधता शोधता ती या गावात येऊन पोचली. गाव संगणकातलं, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं, नदीकाठचं. देशोदेशीची माणसं तिथे कोणी सुतार, कोणी कोळी, कोणी पहारेकरी होऊन राहत. प्रत्येकजण आपापल्या भाषेत लिही, भाषांतर यंत्र करी. तिला कवळ्या कोरायच्या होत्या, पण गावाला चहावाली हवी होती. तिने चहाघर घेतलं.

गावाचे नियम कडक होते. उडायचं नाही, चालत जायचं. घड्याळाचं नाव काढायचं नाही. घर एकेक वासा जोडूनच उभारायचं. बाहेरच्या जगातलं काही बोलायचंच असेल, तर दुहेरी कंसात. आणि कोणाच्या घरात शिरताना चपला पायरीवर काढायच्या. पायरीवर चपला म्हणजे माणूस आत.

होडीवाला असाच एकदा आत आला, चपला काढल्या, खिडकीजवळच्या मेजाशी बसला. "आज नदीला पाणी", एवढं लिहिलं आणि वाक्य अर्धं ठेवून नाहीसा झाला. त्याची लाइन मधूनमधून जायचीच. त्याने एकदा कंसात लिहिलं होतं: ((दवाखान्यातलं नेट आहे, चालायचंच.)) त्यानंतर गावात दोन हिवाळे झाले. तो आला नाही. पण चपला पायरीवर होत्या, म्हणजे तो आत होता. येणारा प्रत्येकजण आधी खिडकीकडे बघून मान लववी आणि मग बसे. ती त्याच्या मेजावर चहा ठेवी.

गावकरी कमी झाले, म्हणून गाव आता निम्म्या जमिनीवर हलणार होतं. उद्या सकाळी. जमीन कमी तसे तुकडेही कमी, प्रत्येक घराला पंच्याण्णवच.

"लॅबमध्ये तर वर्षभर कोणी कवळी न्यायला आलं नाही की साचा फोडून टाकतेस," नवरा म्हणाला. "मीच पाहिलंय. हात नाही अडखळत तुझा."

"तिथे कोणी आत बसलेलं नसतं, अहो."

"अगं, इथे तरी कोण बसलंय?"

"बसलेल्या माणसाच्या चपला कोणी उचलतं का? उठल्यावर काय घालेल तो?"

पडद्यावर गावप्रमुख पायरीशी येऊन उभा राहिला. एरवी तो कुठल्याशा शाळेत गाणं शिकवायचा. त्याने आधी खिडकीकडे मान लववली, मगच लिहिलं.

((वाईट वाटतं, पण चपला परत पाठवू या. त्याच्या खात्यातल्या सामानात जाऊन पडतील, हरवणार नाहीत.))

तिने कंस उघडलाच नाही. गावातलीच होऊन उत्तर दिलं.

"छप्पर काढते. चौऱ्याण्णव होतात."

"बिनछपराचं चहाघर आपल्या काळात नव्हतं, बाई."

"आग लागल्यावर होतं. लाकडाची गावं ती, जळायचीच. छप्पर गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी चूल विझवून बसत नसे."

नवरा उठून बसला. "गप्प झाला की गं तुझा सरपंच."

तेवढ्यात पडद्यावर प्रमुखाची ओळ उमटली: "आग! चहाघराला आग!"

ज्वाळा दाखवायलाही तुकडे लागतात आणि तेवढे उरले नव्हते, म्हणून आग सगळ्यांनी शब्दांतच लावली. सुतार धावत आला, कोळीण बादल्या घेऊन आली, पहारेकऱ्याने घंटा बडवली. आग पसरू नये म्हणून त्या काळी छपरं ओढून पाडत. तसेच ते वर चढले. तिने एकेक वासा मोकळा करायचा आणि खालच्याने "पडला, बाजूला व्हा!" म्हणून ओरडायचं. कोणी घाई केली नाही. सुताराने ते छप्पर स्वतः बांधलं होतं. शेवटचा वासा त्यानेच मागितला.

"खिडकीजवळचा माणूस बरा आहे ना?" कोळणीने विचारलं.

"बरा आहे," तिने लिहिलं. "चहा घेतोय."

धूर ओसरला, तसे सगळे पायरीवर चपला काढून आत आले आणि उघड्या आकाशाखाली बसले. तिने किटली चढवली.

नवरा आता तिच्या खुर्चीमागे उभा होता. "चौऱ्याण्णव ना? एक उरला की."

"उरला."

"एका तुकड्यात काय येतं?"

"चटई येते. मडकं येतं. कागदी छत्री येते."

"मग छत्री घे. तुमच्याकडे बर्फ पडतो म्हणालीस."

"घेते. कुठे ठेवू? त्याच्या डोक्यावर?"

"चपलांवर ठेव," तो म्हणाला. "गवत भिजलं की संपलं. माणूस काय, सरकून बसेल."

तिने छत्री उघडून पायरीवर कलती ठेवली आणि मोजणी पुन्हा लावली.

फरशी नऊ, भिंती चौदा, दारं आठ, चूल-किटली अकरा, मेजं सहा, कंदील चार, चपला बेचाळीस, छत्री एक. छप्पर शून्य. एकूण पंच्याण्णव.