गावपळणीतली ऑनलाइन परीक्षा

मी रश्मी, सातवीपर्यंतच्या शाळेची बाई. शिकवते असं म्हणायची सवयच आता गेली. हजेरी ॲपवर, खिचडीचा फोटो ॲपवर, पाठ घेतल्याचा व्हिडिओ ॲपवर. त्यातून वेळ उरला तर पोरं. रात्री डोळे मिटले तरी ॲप उघडताना फिरणारी ती चकती डोळ्यांपुढे गरगरत राहते. पण वर्गातला मोठा पडदा, खोटं कशाला बोलू, एका मुलीच्या कामाला आला.

ती श्रिया. पुण्याची एक संस्था त्या पडद्यावरून सातवीला गणित शिकवायची. बाकीची पोरं सरांच्या मिशीकडे बघत बसायची आणि ही बया सरांच्या आधी उत्तर सांगून मोकळी! वर्षाअखेरीस संस्थेची ऑनलाइन परीक्षा होती. निवड झाली तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं त्यांच्याकडे. श्रियाचे आईबाप मुंबईत नोकरीला, ही गावात आजोबा भिकाजींकडे. तिच्या घरातलं कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. ही जाईल असं मला फार वाटत होतं.

अट एकच. परीक्षा शाळेच्या टॅबवर आणि शाळेच्या आवारातूनच द्यायची. टॅब आवाराबाहेर नेला की ॲप बंद.

आणि तारीख आली ती नेमकी गावपळणीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आचऱ्याकडच्या काही गावांत दर काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव माणसं, गुरं, कोंबड्या घेऊन शिवेबाहेर खोपी घालून राहतो. तीन दिवस गाव देवाचा. आत पाऊल टाकायचं नाही. परतताना आमच्या शिवेवर गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्या गावातर्फे देवाची करुणा भाकायचा मान कुणाचा? तर भिकाजीआबांचा, म्हणजे श्रियाच्याच आजोंचा. घ्या!

मी संस्थेला फोन लावून तारीख बदला म्हटलं. किशोरी मॅडम म्हणून कुणी होत्या, आवाजावरून माझ्या मुलीएवढ्या.

"मॅडम, फेस्टिव्हल आहे का?"

"फेस्टिव्हल नाही हो. गावात कुणीच नसतं."

"मग पूर आलाय का? कारणांमध्ये पूर, आजारपण आणि मृत्यू एवढेच पर्याय आहेत."

माझाच मृत्यू टाका, असं अगदी तोंडावर आलं होतं. गिळलं. भांडायचंही त्राण लागतं, ते कुठून आणणार?

मग मी करोनात शिकलेली युक्ती केली. टॅब वर्गात चार्जरला लावून चालू ठेवला, त्याचा पडदा माझ्या फोनवर जोडून घेतला आणि गावाबरोबर शिवेबाहेर आले. परीक्षेच्या सकाळी श्रिया खोपीत माझा फोन घेऊन बसली. आबा शेजारी. परीक्षा सुरू झाली, पहिलं गणित आलं, तिने सोडवलंही. आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. विद्यार्थी दिसत नाही.

टॅबचा कॅमेरा उघडला होता. फोनवर आमचा रिकामा वर्ग दिसत होता. बाक, फळा, आणि उघड्या राहिलेल्या खिडकीतून देवळाकडची वाट.

आबांनी झटकन मान फिरवली. "बाई, ह्या काय दाखवतास? ह्या दिवसांत गावात डोकावचा नसता गो!"

आत जायचं नाही एवढं मी सांभाळलं होतं, बघायचंही नसतं हे डोक्यातच आलं नाही. लाल अक्षरांखाली वेळ पळत होता. श्रिया रडली नाही. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "ऱ्हवांदे, बाई." बारा वर्षांची पोर आणि आवाज माझ्यासारखा थकलेला. ते मला सहन होईना.

आबा नातीजवळ सरकले. मग म्हणाले, "बाई, तिका घेऊन जावा. देवाक काय सांगूचा ता मी सांगतंय."

"आबा, तुमचा मान..."

"जावा म्हणतंय मां!"

आम्ही गेलो. सगळा गाव शिवेवर उभा राहून बघत होता, पण आबांसमोर कुणी अडवलं नाही. रिकाम्या गावातून चालताना पोरीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती टॅबपुढे बसली तसा लाल इशारा गेला. उरल्या वेळात तिने सगळी गणितं सोडवली. मी दारात उभी होते, आणि नाही कशाला म्हणू, घाबरले होते.

तीन दिवस सरले तसा गाव परत निघाला. गाऱ्हाण्याची वेळ झाली तेव्हा आबा मागेच उभे. "माका आता तो अधिकार नाय," एवढंच म्हणाले आणि चुलत भावाला पुढे केलं. कुणी त्यांना आग्रह केला नाही. गुरांच्याही मागून ते शेवटी गावात शिरले.

त्यानंतरच्या सोमवारी संस्थेचा मेसेज आला. तांत्रिक अडचणीमुळे परीक्षा रद्द, रविवारी पुन्हा होईल, कुठूनही आणि कुठल्याही मोबाइलवर देता येईल. खाली हात जोडलेलं चित्र.

कुठूनही! फोन विहिरीत टाकावासा वाटला. पण तो शाळेच्या कामाचा, टाकणार कसा? संध्याकाळी आबांकडे गेले. ते पडवीत नारळ सोलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे त्या दिवशीचा काय धरूचे नाय?"

"नाही, आबा. काहीच धरणार नाहीत."

"चेडवान लिवलेला ता बरोबर होता?"

"पोरीचं सगळं बरोबर होतं. मी बघितलं ना."

"मगे परत लिवात," ते म्हणाले आणि पुढचा नारळ उचलला. "तिका येता ता."

मी मान हलवली. पोरीला परीक्षा परत मिळाली, पण गाऱ्हाण्याचा मान त्यांना परत मिळणार का, हे त्यांनी विचारलं नाही.