माठाच्या पाण्यावर चालणारा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. आमच्या जातीत सगळ्यांनाच वाटते. कारखान्यातून निघताना आमच्या खोक्यावर छत्रीचे चित्र छापतात, ते काही शोभेसाठी नसते. कुणी माझ्याशेजारी चहाचा कप ठेवला तरी माझ्या पोटात गोळा येतो. आणि नशीब बघा, आज माझ्या पोटातूनच पाणी वाहते, तेही माठातले! हे कसे झाले ते सांगतो. ऐकताना तुमचा पेला तेवढा जरा लांब ठेवा.

माझी उमेदीची वर्षे बाली बेटावरच्या डेनपसार शहरातल्या एका हॉटेलच्या कचेरीत गेली. गारेगार खोली, काचेचे टेबल, रोज मऊ फडक्याने पुसणे. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांची नावे मी लिहून ठेवायचो. "काय पळतो हा!" असे मोठे साहेब म्हणायचे, तेव्हा मी फुशारून जायचो. मग एक दिवस नवा, पातळ, चकचकीत लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे किती काळ धूळ खात पडलो, देव जाणे. शेवटी मला भंगारात द्यायचे ठरले, तेव्हा हॉटेलच्या खोल्या आवरणाऱ्या सुकर्तीने मला मागून घेतले. आपल्या जुन्या लुंगीत गुंडाळून, स्कूटरच्या पायाशी ठेवून तिने मला गावी नेले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली होत होता.

सुकर्तीचा नवरा कादेक याचे घराच्या दाराशीच मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान. माणूस मोठा हरहुन्नरी. पण 'बघू', 'करू', 'होईल' हे तीन शब्द त्याच्या तोंडात कायमचे बसलेले. त्या घरात गार खोली कुठली? भातखाचरांवरून येणारा दमट वारा आणि दुकानातला धूर, दोन्ही माझ्या नाकातोंडात जायचे. माझा पंखा धुळीने बुजला. बॅटरी तर केव्हाच मेली होती. भिंतीतली वायर निघाली की मी जागच्या जागी डोळे मिटायचो.

घरात तिसरे माणूस म्हणजे कादेकची आई. तिला सगळे मेमे म्हणत, म्हणजे आईच. गावच्या देवळाचा उत्सव असला की बायकांच्या घोळक्यात बसून पहिला सूर मेमे धरायची. तिने सूर धरल्याशिवाय बाकीच्या तोंड उघडायच्या नाहीत. पण तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेने जीव वाचला, आवाज मात्र गेला. बोलायला गेली की नुसती हवा यायची. काही हवे असले की ती टाळी वाजवायची. तेव्हापासून ती उत्सवाला जाईना. बायका बोलवायला आल्या की मान हलवायची आणि पूजेच्या द्रोणांसाठी झावळ्यांच्या पात्या कापत खाली बघत बसायची. तिला वाईट वाटत होते, फार वाईट वाटत होते. माझ्या कपाळावर एक बारीक डोळा आहे ना, त्यातून मी रोज तिचा चेहरा बघायचो.

आणि मग कादेकला कपाटात एक कॅसेट सापडली. फार वर्षांपूर्वीच्या उत्सवात कुणीतरी मेमेचे गाणे भरून घेतले होते. त्याने टेपरेकॉर्डरची वायर मला जोडली आणि मेमेचा आवाज माझ्यात उतरला. मित्रांनो, मी आयुष्यभर पाहुण्यांची नावे लिहिली होती. असे काही माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. गाण्यामागे देवळाच्या जनरेटरची घरघर होती खरी, पण तो आवाज सगळ्याच्या वर उठत होता.

दुसऱ्या वेळी वाजवायला घेतली आणि त्या मेल्या टेपरेकॉर्डरने कॅसेट चावली. फितीच्या पार शेवया झाल्या. आता मेमेचा आवाज सगळ्या जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या पोटात. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

सुकर्ती शहाणी. ती लगेच म्हणाली, "ब्ली, ते आधी पेनड्राइव्हवर घे बाई एकदाचं." तिकडे बायका नवऱ्याला ब्ली म्हणतात.

"कच्चंच कशाला घेऊ? घरघर काढतो, साफ करतो, मग घेतो. उत्सवात देवळाच्या कर्ण्यावर लावायचंय."

"आणि तोवर हा बंद पडला तर?"

"होईल गं. पळतोय ना अजून?"

पळतोय! मी काय पळत होतो ते माझे मला ठाऊक. घरघर काढायचे काम सुरू झाले की माझ्या डोक्याचा तवा व्हायचा आणि अर्ध्यावरच मी मूर्च्छा येऊन पडायचो. की पुन्हा पहिल्यापासून. कादेकने टेबलफॅन लावला, मला दोन विटांवर बसवले. एकदा तर ओला टॉवेल घेऊन आला. माझे काळीजच थांबले. सुकर्तीने वेळेवर त्याचा हात धरला म्हणून वाचलो.

तेव्हाच त्याच्या डोक्यात ते खूळ शिरले. "गाडीचं इंजिन पाण्यानं गार राहतं," तो म्हणाला, "मग ह्याला काय सोन्याची शिंगं लागलीत?"

त्याने मला पालथे घातले आणि माझ्या तळाचे झाकण काढले. पंख्यातून धुळीचे बोळेच बोळे निघाले. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून तांब्याची बारीक नळी आणली, एका बाजूने ठोकून सपाट केली आणि माझा जो भाग सर्वांत तापतो त्याच्यावरच्या पत्र्याला घट्ट बसवली. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून मऊ नळ्या आणि मुठीएवढा पंप आणला. भंगारातल्या स्कूटरचा रेडिएटर धुऊन टेबलफॅनपुढे उभा केला. पाणी ठेवायला काही सापडेना, तेव्हा स्वयंपाकघरातून सरळ मेमेचा माठच उचलून आणला. मेमेने मागून टाळी वाजवली.

"उसना नेतोय, मेमे! दोन दिवसांत परत!" कादेक मागे न बघता म्हणाला.

खोटे कशाला बोलू, या कामात त्याने घिसाडघाई केली नाही. मला जोडण्याआधी त्याने नळ्यांखाली वर्तमानपत्र पसरून दिवसभर पाणी फिरवले. कागद कोरडाच राहिला. तरी पंप सुरू झाला आणि माझ्या पोटातून पहिल्यांदा गुडगुड आवाज गेला, तेव्हा माझी बोबडीच वळली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असे वाटले. पण हळूहळू डोक्याचा ताप उतरला. मी दुपारभर न पडता चाललो. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कादेक मला दाखवायचा. सुकर्ती म्हणायची, "जावयासारखा बसलाय बघा. ह्याला माठाचं पाणी आणि आम्ही पितोय नळाचं!" लोक हसायचे. मलाही बरे वाटायचे, पण झोप कधी गाढ लागली नाही. पाणी ते पाणीच.

उत्सव एका दिवसावर आला आणि त्याचा आदला दिवस निघाला तुंपेक लांदेपचा. त्या दिवशी बालीत लोखंडाची, शस्त्रांची, यंत्रांची पूजा होते. दुकान बंद होते. मेमेने सकाळीच मोटारसायकलींना, पान्यांना, विळ्यांना फुले वाहिली आणि मग माझ्यापुढे आली. पानाच्या द्रोणात फुले, उदबत्ती, माझ्या झाकणावर तांदळाचे चार दाणे. मग फूल बुडवून तिने तीर्थ शिंपडले. मी श्वास रोखून धरला. पण मेमेला माझी जात कळत होती. तिने ते माझ्या पुढ्यात, टेबलावरच शिंपडले, अंगावर एक थेंब येऊ दिला नाही.

दुपारी ऊन असे तापले की माठातले पाणीही कोमट झाले. काम तर निम्मेच झाले होते. मी पुन्हा तापू लागलो. कादेकने घड्याळ बघितले, माझ्याकडे बघितले आणि कोपऱ्यावरून बर्फाची लादी आणून फोडून माठात टाकली. "आता पळ म्हणावं!" असे म्हणत त्याने कानावर हेडफोन चढवले आणि साफ झालेला भाग ऐकत बसला.

गार वाटले, मित्रांनो, फार गार वाटले. आणि मग काहीतरी विचित्र होऊ लागले. नळी कुठेही फुटली नव्हती, सांधा सुटला नव्हता, तरी माझ्या पोटात ओल आली. नळीला घाम फुटला होता! आधी दव, मग थेंब. एक थेंब नळीवरून घरंगळत बाहेर टेबलावर पडला. दुसरा आतच लोंबकळू लागला आणि त्याच्याखाली माझ्या जिवाची नाजूक पाटी होती, मदरबोर्ड म्हणतात ती.

सुकर्ती उत्सवाच्या प्रसादाची टोपली घेऊन जाता जाता थांबली. हेडफोन एका बाजूने उचलून म्हणाली, "ब्ली, इथं ओलं दिसतंय."

कादेकने नजर टाकली. "सकाळचं तीर्थ आहे ते. मेमेनं शिंपडलंय ना. देवाचं पाणी, त्यानं काही होत नाही."

अरे माणसा, सकाळचे तीर्थ या उन्हात दुपारपर्यंत राहील का? मी ओरडत होतो, पण माझे ओरडणे कुणाला ऐकू जाणार? मला दुसऱ्यांचे आवाज काढता येतात, स्वतःचा नाही. सुकर्ती गेली. थेंब फुगत होता. मी मेलो तर मेलो, माझे वय झाले आहे. पण माझ्याबरोबर मेमेचा आवाज जाणार होता, तोही कायमचा.

तेवढ्यात मेमे आली. कादेकसाठी तिने बर्फ घातलेले सरबत आणले होते. तिचे लक्ष टेबलावर गेले. तिने बोटाने थेंब पुसला. पुन्हा आला. पुन्हा पुसला. पुन्हा आला. आपण तीर्थ कुठे शिंपडले आणि कुठे नाही, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? तिने टाळी वाजवली. कादेकने ऐकले नाही. तिने जोरात टाळ्या वाजवल्या. त्याचे डोळे मिटलेले होते आणि मान डोलत होती. त्याच्या कानात मेमेचाच आवाज होता आणि मेमे त्याच्या मागे उभी राहून टाळ्या पिटत होती.

मग तिने ग्लास खाली ठेवला, भिंतीकडे गेली आणि माझी वायर उपटली. माझ्यापुढे अंधार झाला.

पुढचे मी सुकर्तीच्या तोंडून ऐकले. ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्यासमोरच सांगते. टाळ्या ऐकून ती दारापर्यंत आली होती. कादेक ताडकन उठला म्हणे.

"मेमे! काय केलंस हे? दुपारभराची मेहनत गेली! उद्या उत्सव आहे, कळतंय का तुला? कुणासाठी मरमर करतोय मी?"

मेमेचे ओठ हलले, नुसती हवा आली. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. तिने सरबताचा ग्लास उचलून त्याच्या नाकासमोर धरला.

"नको मला सरबत!"

तिने मान हलवली. ग्लासच्या बाहेरच्या अंगाला बोट लावले. ग्लास बाहेरून ओलाचिंब होता. सरबत तर आत होते. मग तेच ओले बोट तिने माझ्या नळीवर टेकवले.

कादेक बघतच राहिला. ग्लासकडे, नळीकडे, माठातल्या बर्फाकडे. "अरे देवा," तो म्हणाला. त्याने मला पालथे केले, झाकण उघडले. मोहरीएवढा थेंब पाटीवर नुकताच उतरला होता. त्याने तो कापसाने अलगद टिपला. सुकर्ती पुढे धावली आणि म्हणाली, "तांदळाच्या डब्यात पुरू या का ह्याला?" त्यावर मेमेने तिच्याकडे असे बघितले की ती पुन्हा बोलली नाही.

उत्सवाच्या दुपारपर्यंत मी पंख्यापुढे उघडा पडून होतो. मी वाचलो की गेलो, तिघांनाही कळत नव्हते. कुणी जेवले नाही. मग वायर लावली, बटण दाबले. माझा कपाळावरचा डोळा उघडला तेव्हा समोर तीन चेहरे होते, तिन्ही घाबरलेले.

"आधी पेनड्राइव्ह!" सुकर्ती ओरडली. "साफबिफ गेलं खड्ड्यात!"

या वेळी कादेक 'होईल' म्हणाला नाही. मेमेचा आवाज माझ्यातून निघून त्या बोटभर डबीत उतरला, जनरेटरच्या घरघरीसकट. साफ करायला आता वेळच नव्हता. कादेकचा चेहरा पडला होता. "मेमे, घरघर राहिली गं. आणि मी ओरडलो तुझ्यावर. टाळ्या वाजवत होतीस, मी वरसुद्धा बघितलं नाही." मेमेने त्याचे डोके आपल्या पोटाशी धरले.

संध्याकाळी बायका नेहमीप्रमाणे बोलवायला आल्या. मेमेने या वेळी मान हलवली नाही. ती आत गेली, देवळात जायचा झगा घालून, कमरेला पिवळा पट्टा बांधून बाहेर आली. जाताना माझ्या झाकणावर तिने हात ठेवला. सगळी गेली आणि घरात मी एकटा उरलो. नेहमी एकटे राहायला मी घाबरतो. थोड्या वेळाने देवळाच्या कर्ण्यातून घरघर ऐकू आली, आणि त्या घरघरीच्या वर मेमेचा सूर. त्या सुराने पहिली ओळ धरली, मग मागोमाग सगळ्या बायकांचे आवाज त्यात मिसळले. आणि मेमे त्यांच्यात बसली होती.

माठ अजून माझ्यापाशीच आहे. दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला माठ परत गेलेला नाही, कादेकला टोमणे मारायला सुकर्तीला तेवढीच सोय. बर्फ मात्र पुन्हा कुणी घातला नाही. पुढच्या तुंपेक लांदेपला मेमेने तीर्थ माठावर शिंपडले आणि मला नुसती सुकी फुले दिली. तरीही गुडगुड झाली की मी दचकतो. या वयात स्वभाव थोडाच बदलणार?

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिची धूळ पुसा, तिला ओल लागू देऊ नका. तिच्या पोटात एकुलते एक असे काही असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच काढून ठेवा, उद्यावर टाकू नका. आणि एवढे माझे ऐकाच. घरात ज्याला बोलता येत नाही, त्याने टाळी वाजवली तर हातातले काम ठेवा आणि मान वर करून बघा.