जाणारं चित्र

धाकटीला चारचौघांत एक नाव होतं, पण तिच्या ताईने त्या नावाने तिला कधी हाक मारली नव्हती. ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. लहानपणी धाकटीचं सदा वाहणारं नाक पाहून तिने स्वतःच एक नाव ठेवलं: दोन बोटांनी नाकाचा शेंडा चिमटायचा आणि हवेत झटकायचं. पुढे धाकटी शिवणकामात तरबेज झाली, सासू झाली, गल्लीतल्या बायका तिच्या हातच्या कपड्यांसाठी ताटकळत बसू लागल्या. ताईच्या लेखी मात्र ती शेंबडीच राहिली.

दोघींची हातांची भाषा कुठल्या शाळेत शिकलेली नव्हती. आईचा डोळा चुकवून भांडता यावं म्हणून त्यांनीच ती जमवली होती, आणि तिच्यात शिव्यांचा साठा भरपूर होता. ताई मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेली तेव्हा धाकटी म्हणाली, "त्यात काय, मोबाइल आहे की!" पण मोबाइलचं चित्र सारखं अडकायचं. ताईचा हात छातीशी दिसायचा, मग एकदम कपाळाशी, आणि मधलं वाक्य गडप. ताईला तिकडे याहून वाईट दिसत असावं. एका संध्याकाळी तिने डोळे चोळले आणि सावकाश, अडकलं तरी कळेल अशा बेताने खुणा केल्या: डोळे दुखतात. पुरे आता. मुलगा खुशाली कळवत जाईल.

लिहिण्यावाचण्याशी ताईचं कधीच जमलं नव्हतं. हात थांबले की सगळंच थांबलं. धाकटीने फोन ठेवला, मशीनवर बसली आणि एका झग्याची बाही उलटी लावली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग ती पदराआड रडली.

"फायबरचं नेट घेऊ या," नवरा म्हणाला. बायकोचे अश्रू त्याला बघवत नसत हे खरं, आणि त्याला मोठ्या टीव्हीवर मॅच बघायची होती हेही तितकंच खरं. दुसऱ्याच दिवशी त्याने एका कंपनीचा माणूस घरी आणून बसवला.

"काकू, एका वेळी चार टीव्ही चालतील," तो माणूस म्हणाला.

"आमच्याकडे एकच आहे, आणि त्याचा रिमोटसुद्धा यांच्या उशीखाली असतो. माझी बहीण नीट दिसेल का ते सांगा."

"सिनेमा कसा काचेसारखा दिसतो, काकू!"

कंपन्यांची तोंडभर स्तुती ऐकून तिचे कान किटले. कापड घेताना ती दुकानदाराच्या बोलण्यावर कधी जात नसे, चिमटीत धरून पोत बघायची. इथेही तेच करायचं तिने ठरवलं. भाच्याला फोन करून तिने ताईची मनधरणी करायला लावली: एवढी परीक्षा होऊ दे, मग हवं तर बंद कर. ताईने नाक मुरडलं, पण कबूल झाली.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे त्याच माणसाच्या कंपनीचं फायबर होतं आणि मास्तरांना त्याचा कोण अभिमान! संध्याकाळी, घरोघर नेट चालू असतं अशा वेळी, धाकटी त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसली. पडद्यावर ताई आली ती इतकी स्वच्छ, की तिच्या ब्लाउजच्या गळ्याची ओबडधोबड शिवण दिसली. कुणी शिवला हा? धाकटीने हातांनीच तोंडसुख घेतलं. मग मास्तरांच्या रंगवलेल्या मिशांकडे तिची गाडी वळली. ओठावर बोट फिरवून तिने ते डबीत बुडवल्याचा अभिनय केला.

"वहिनी," मास्तर मागून म्हणाले, "हे माझ्याबद्दल चाललंय का?"

"छे हो! तिकडे भिंती रंगवतायत."

मास्तरीणबाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. पण ताई हसली नाही. तिने दोन्ही हात हवेत गच्च धरून दाखवले. धाकटी तिला अडकलेली दिसत होती.

"पण मला तर ती छान दिसतेय!" धाकटी गोंधळून म्हणाली.

"येणारं चित्र झकास आहे," मास्तर मिशी लपवत म्हणाले. "जाणाऱ्याचं मी कधी बघितलंच नाही. आम्ही नुसतं बघतो, वहिनी. आम्हाला कोण बघतंय?"

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळे येण्याचंच कौतुक सांगत होते, जाण्याचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. त्या संध्याकाळपासून तिने कोपऱ्यावरची पार्लरवाली, समोरचा चष्मेवाला, कुणाचं घर सोडलं नाही. चष्मेवाल्याकडे तर तिच्यापेक्षा तिचं भूत बरं दिसलं असतं. पार्लरवालीकडे मात्र उजेड पाठीमागून, चेहरा काळोखात असूनही ताईने पहिल्यांदाच मध्येच तोडून उलट शिवी दिली. म्हणजे हात अर्ध्या वाटेत असताना तिला कळला! धाकटीच्या जिवात जीव आला.

"ह्याच कंपनीचं घ्यायचं," तिने घरी येऊन जाहीर केलं.

"अगं, पण मी त्या पहिल्याला शब्द दिलाय," नवरा म्हणाला. "टीव्हीशेजारी नेटचा डबा ठेवायला फळीसुद्धा ठोकलीय."

"फळीवर तुमचा चष्मा ठेवा. रोज शोधत असता."

नव्या कंपनीचा जोडणीवाला आला, केसाएवढी बारीक तार खिडकीतून आत घेतली आणि टीव्हीकडे निघाला. धाकटी मध्ये उभी राहिली. डबा तिला शिवणाच्या खोलीत हवा होता. तिथे उजेड समोरून, थेट हातांवर पडायचा.

"मग बाहेरच्या टीव्हीला सिग्नल जरा कमी मिळेल, मावशी."

सगळे नवऱ्याकडे बघू लागले. त्याने आपल्या फळीकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"आत लाव," तो म्हणाला. "मी मास्तरांकडे बघीन मॅच. त्यांचं येणारं चित्र झकास आहे."

धाकटीला त्याचा इतका लोभ वाटला की तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

दिवे हिरवे झाले. तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं, फोन सुईपाशी टेकवून उभा केला आणि फोन लावला. पडद्यावर ताई आली. बराच वेळ तिने हात उचललेच नाहीत. नुसती बघत राहिली.

'दिसत नाही का?' धाकटीने घाबरून विचारलं.

दिसतं, ताईने खूण केली. मग स्वतःच्या केसांवरून हात फिरवला आणि धाकटीकडे बोट दाखवलं: तुझे कधी पिकले? मला कुणी सांगितलं नाही.

'तू गेल्यावर,' धाकटीने उत्तर दिलं. तिचे डोळे भरून आले आणि ती हसतही होती.

ताईने दोन बोटांनी नाकाचा शेंडा चिमटला आणि हवेत झटकलं. चिमटा दिसला, झटका दिसला, आणि मधलं सगळं दिसलं. जगात त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते पुन्हा हाक मारत होतं. धाकटीने पदराने खरोखरच नाक पुसलं.

'उद्या याच वेळी,' ताईने बजावलं, 'आणि त्या मिशीवाल्याचं राहिलेलं सगळं सांग.'