कच्चा टाका

शिंपीकाकांनी आयुष्यात हट्ट असा एकदाच धरला, आणि तोही साठी उलटल्यावर. काजाच्या मशीनसाठी साठवलेले पैसे त्यांना शेअर बाजारात लावायचे होते. शर्टांची काजं काकू हाताने करत, आणि गेल्या वर्षापासून त्यांना सुईत दोरा ओवताना डोळ्यांत पाणी येत होतं. तरी त्या एकदम नाही म्हणाल्या नाहीत. काकांच्या भाचीला बोलावून त्यांनी काकांच्या फोनवर सरावाचं खातं उघडून घेतलं.

"मामा, पैसे लुटुपुटूचे, भाव मात्र खरे," भाचीने समजावलं. "आणि ही मर्यादा बघा. एका दिवसात शंभरातले पाच गेले, की खात्याला कुलूप."

"महिनाभरात एकदाही कुलूप लागलं नाही, तर मशीनचे पैसे तुमचे," काकू म्हणाल्या. "लागलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

काका जपून खेळले. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेतानाही त्यांचा एक डोळा फोनवर असे, त्यामुळे दोन शर्ट ढगळ झाले. पण खातं शाबूत राहिलं. दुसऱ्यांच्या कॉलरी ताठ करणाऱ्या काकांची स्वतःची कॉलर आता ताठ झाली होती.

शेवटच्या दिवशी, सकाळी घेतलेला शेअर घसरायला लागला. काका ढिम्म. विकला तर तोटा, विकलाच नाही तर तोटा कसला? चाळीस वर्षं ते कापड आधी कच्च्या टाक्यांनी जोडत आले होते. कच्चा टाका कधीही उसवावा, तो शिवणीत धरत नाहीत. हा सौदाही त्यांच्या लेखी अजून कच्चाच होता.

दुपारी फोनवर लाल अक्षरं आली. आजची तोट्याची मर्यादा संपली, खाते बंद.

"अगं, मी विकलेलंच नाही!" काका फोनवर भाचीवर उखडले.

"न विकलेल्याचा तोटाही धरतात, मामा. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुन्हा खेळायचं असेल तर खालचं बटण दाबा, आधीचं सगळं पुसलं जाईल."

काका त्या बटणाकडे बघत राहिले. काकूंना फोनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. काका सांगतील ते त्या खरं मानणार होत्या. काकांनी अंगठा बटणावर नेलासुद्धा.

तेवढ्यात काकू आतून आल्या आणि एक पांढरा शर्ट त्यांच्यापुढे धरला. शेवटच्या काजापाशी रक्ताचा ठिपका होता.

"धुवावा लागणार हा. सुई बोटात गेली, दिसलीच नाही. तुमचं काय झालं? आज महिना भरला ना?"

काकांनी अंगठा मागे घेतला. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"कुलूप लागलं," ते म्हणाले.

काकू स्टुलावर मटकन बसल्या आणि त्यांना रडूच फुटलं. काका गडबडले.

"अगं, खोटे होते ते पैसे! आपला एक रुपया गेलेला नाही."

"माहीत आहे," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "महिनाभर जीव मुठीत धरून बसले होते मी. वाटायचं, तुम्ही पास झालात तर?"

काकांनी फोन खणात टाकला, आणि लगेच परत बाहेर काढला. काजाच्या मशीनवाल्याचा नंबर त्यातच होता.